जुन्या गाडीचे नवे पट्टे

६ एप्रिल

सकाळी सुजितचा पनवेलहून फोन आला. राहीची शाळा संपली की सबंध मे महिना ती अलिबागला राहणार, कुमुदताईंकडे, म्हणजे माझ्या विहीणबाईंकडे. माझ्याकडे “मधे एखाद्या रविवारी आणू.”

मी म्हटलं, “का रे, नागावात वाघ शिरलेत का?”

“तसं नाही गं आई. मृणालला काळजी वाटते. मागच्या वर्षी राहीला ताप चढला तेव्हा लाइट नव्हती, तुला टॉर्च मिळेना, थर्मामीटर मिळेना. आणि तुझ्या गाडीला मागे बेल्ट नाहीत.”

“तुम्ही त्याच गाडीत वाढलात.”

“वाढलो ते नशिबानं.”

पुढचं मी फोन ठेवल्यावर बोलले, आणि ते भांड्यांनी ऐकलं.

विहीणबाईंचं सगळं जागच्या जागी. चौथ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट, इन्व्हर्टर. गेल्या दिवाळीत घेतलेली गाडी, तिच्यात म्हणे धडक बसली तर चहूबाजूंनी हवेच्या उशा फुगतात. आणि गाडी चालवायला देवव्रतराव. हे शेवटचं लिहिणार नव्हते, पण वही माझीच आहे. मला नवरा नाही, तिला आहे. यांना जाऊन तीन वर्षं झाली. माणसाला वाटतं आता सवय झाली, आणि मग कुणाचा तरी नवरा गाडीचं दार उघडून देताना दिसतो.

राहीला दोन आज्या. एक लिफ्टवाली आजी, एक वाडीवाली आजी. लिफ्टवालीचं नाव आधी घेते.

९ एप्रिल

ठरवलं. गाडीला पट्टे लावून घ्यायचे. घरही असं करायचं की मृणालला बोलायला जागा राहू नये.

गाडीच्या कप्प्यात यांनी जपून ठेवलेलं, गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक होतं. माझी शाळा सातवीपर्यंत, पण पुढे वाचनालयातली निम्मी कपाटं मी संपवली आणि डिक्शनरी घेऊन इंग्रजीही थोडंफार उलगडते. त्यात एक चित्र सापडलं. दारामागच्या खांबात, आतल्या पत्र्याला, पट्ट्याचे बोल्ट बसायला भोकं ठेवलेली असतात. म्हणजे जागा होती. आम्हीच कधी भरली नाही.

अलिबागच्या रस्त्यावर हितेशचं गॅरेज आहे, तिथे गेले. तो म्हणाला, “काकी, या गाडीला बेल्ट म्हणजे आजोबांना हेल्मेट.”

मी म्हटलं, “का, आजोबा पडले तर त्यांना लागत नाही?”

हसला. प्लास्टिक काढून बघितलं. भोकं होती, रबरी बुचांनी बंद केलेली. म्हणाला, “कमरेचे लावू का? स्वस्तात आणि पटकन होतील.” मी म्हटलं, “खांद्यावरूनही येणारे लाव. आणि जुन्या गाडीतले काढून आणू नकोस, नवे आण.” आठवडा लागेल म्हणाला.

१७ एप्रिल

गाडी आली. मागे दोन्ही बाजूंना खांद्यावरून येणारे पट्टे, डोकं मागे आपटू नये म्हणून उशा, मागच्या काचेत वर तिसरा लाल दिवा. माझ्या सीटखाली आग विझवायचं छोटं नळकांडं. आणि गाडी मागे घेताना आड काही आलं की ओरडणारी यंत्रणा.

वाडीत सुपारी सोलायला आलेली कृष्णाबाई बाहेर धावली. “वैनी, गाडीला काय झालंय? कोंबडीवानी वरडतंय.”

“मागे कुणी आलं की सांगते ती.”

“माझा दादला मागं आला की सांगंल?”

“सांगेल की.”

“मग न्हाय उपेग. त्याचा वास मला आधीच येतो.”

खूप दिवसांनी पोटभर हसले. मग वाटलं, हे यांना सांगायला हवं होतं. हसू तिथंच थांबलं.

मागच्या सीटवर बसून पट्टा लावून बघितला. घट्ट बसला. विहीणबाईंच्या गाडीत असतो तसाच.

२२ एप्रिल

घराचं काम काढलं. दोन बॅटऱ्या, एक खाटेजवळ खिळ्याला, एक स्वयंपाकघरात. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर. झाकणाचे पाण्याचे दोन पिंप. तापाचं औषध, थर्मामीटर, जखमेच्या पट्ट्या एका डब्यात, त्यावर मोठ्या अक्षरात नाव. पडलेल्या झावळ्या तोडायला कोयता आणि दोर मागच्या दाराशी. घाईत उचलून निघता येईल अशी एक पिशवी, तिच्यात घराचे कागद, चष्मा, कपड्यांचा जोड. गाडी माडाखाली लावायची नाही, अंगणात उघड्यावर लावायची.

निसर्ग वादळ आलं तेव्हा यातलं घरात काहीच नव्हतं. एक मेणबत्ती आणि हे. तेवढ्यावर निभावलं होतं.

फोनजवळच्या भिंतीवर नंबर लिहून लावले. सुजित, मृणाल, डॉक्टर, रुग्णवाहिका, वीज मंडळ, हितेश. सगळ्यात जवळचं माणूस म्हणाल तर कुमुदताई. गाडीनं वीस मिनिटं. त्यांचाही लिहिला. सगळ्यांत खाली, पेन्सिलीनं.

२७ एप्रिल

रविवारपुरती अलिबागला आलेल्या राहीला भेटवायला आज विहीणबाई आणि देवव्रतराव आले. दोन दिवसांपूर्वीच राहीसाठी मी लहान मुलांची सीट मागवली होती. ती पट्ट्यानं बांधली होती आणि खाली यांच्या धोतरांची मी शिवलेली गोधडी घातली होती, चौपदरी. पोरीला टोचू नये, नवी सीट मळू नये.

देवव्रतरावांनी आत येताना फाटकाच्या खांबाला गाडी घासली. नवी कोरी गाडी. वाईट वाटायला हवं होतं.

उतरल्यावर ओट्यावर बसले आणि म्हणाले, “सगुणाताई, अण्णा वाडीत गेलेत का?”

यांना सगळे अण्णा म्हणत. हा माणूस यांच्या तेराव्याला इथे, याच ओट्यावर, जेवून गेलाय. विहीणबाई घाईघाईनं म्हणाल्या, “अहो, शहाळं घ्या, गार आहे,” आणि दुसऱ्या विषयाला लागल्या. इतके किरकोळ आहोत आम्ही त्यांच्या लेखी. माणूस मेलेलं लक्षात राहत नाही.

मग मी राहीला गाडी दाखवली. विहीणबाईंनी सीटला हात लावून हलवली. “विहीणबाई, ही हलतेय बघा. गोधडी दबते ना, मग पट्टा सैल पडतो. काढू का?” आणि माझ्या हो-नाहीची वाट न बघता काढली, घडी घातली, माझ्या हातात दिली. पुन्हा बांधली तर सीट दगडासारखी बसली. बसू दे. माझ्या घरी येऊन माझ्या नवऱ्याची धोतरं खाली काढायची ही रीत झाली का?

वर म्हणाल्या, “पुढे बसू का जरा?” स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. “तुम्हाला बरं आहे. कुणाला विचारावं लागत नाही.” विधवेला असं म्हणतात?

घरातला औषधांचा डबा, पिंप, भिंतीवरचे नंबर, सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढले. आता घरी जाऊन लेकीला दाखवतील. त्यांचं नाव पेन्सिलीनं आहे हेही त्यात आलं असणार.

निघताना नवऱ्याच्या पायापुढे चप्पल आणून ठेवली. “ही तुमची.” हात धरून ओट्यावरून उतरवलं. या वयात इतके लाड. सुख म्हणतात ते हेच असणार.

राही पट्टा न लावता त्यांच्या गाडीत उड्या मारत बसली. कुमुदताईंनी तो लावला तेव्हा गाडी हलली.

४ मे

राही अलिबागला आली. मृणालचा फोन. “आई, तुम्ही गाडीला एवढं केलंत, बरं वाटलं. पण आता ठरलंय ना. आणि मम्मीकडे पप्पा आहेत, दोन माणसं आहेत.”

तिची आई मम्मी, म्हणून मी आई. कागदावर मीच वरची.

दोन माणसं आहेत. हो बाई. माझ्याकडे एकच.

११ मे

राहीला एक दिवस आणावं म्हणून अलिबागला गेले. सीट घट्ट बांधून. (बिनगोधडीची.)

देवव्रतराव आणि राही गॅलरीत पत्ते खेळत होते. त्यांचा काय हात फिरत होता तिच्या केसांवरून. ती म्हणाली, “वाडीवाली आजी, आजोबा गाडी चालवतात ना, तेव्हा मी पुढे बसून रस्ता सांगते. आता डावीकडे, आता उजवीकडे. मी नाही सांगितलं तर ते चुकतात, नाही का हो आजोबा?” ते हसले. पोरगी हुशार आहे, आमच्यावर गेली. पण पुढे कशाला बसवतात? मागे कसे पट्टे असतात हे मला शिकवणाऱ्यांनी? मी तसं बोलूनही दाखवलं. विहीणबाईंचा चेहरा उतरला. मला समाधान झालं.

“नेऊ का मग दोन दिवस?”

“आज नको,” त्या म्हणाल्या. “ती गेली की हे दिवसभर…” आणि मग चहाचं आधण बघायला उठल्या.

म्हणजे नवऱ्यालाही नात हवी, बायकोलाही. घरात दोघं असून तिसरी पाहिजे. रिकामी गाडी घेऊन परत आले. वाटेत मागचा मोकळा पट्टा सीटच्या बकलावर आपटत होता. उतरून तो नीट लावला.

१९ मे, सोमवार

सकाळपासून वारा. समुद्रात जाऊ नका म्हणून कालच रेडिओवर सांगितलंय. मी अंगणातल्या झावळ्या ओढत होते तेव्हा फोन वाजला. विहीणबाई.

“विहीणबाई, हे राहीला घेऊन गेलेत. गाडी घेऊन. दूध आणतो म्हणाले. दीड तास झाला. फोन घरीच आहे.”

खरं लिहायचं तर पहिला विचार मनात आला तो असा, की बघ, हवेच्या उशा असून काय झालं. लाज वाटावी असा विचार. दुसरा विचार राहीचा आला, तेव्हा गाडीची चावी उचलली.

“काय घालून गेलेत?”

“इस्त्रीचा शर्ट, पँट. आणि सकाळी डबा मागत होते. मी म्हटलं कशाला, तर चिडले.”

“आज वार कोणता?”

तिकडे रडं. मग “सोमवार.”

आमच्या या पट्टीतल्या मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसांना सोमवार सांगावा लागत नाही. शनिवारी यायचं, सोमवारी डबा घेऊन रेवसला लाँच पकडायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. देवव्रतरावांनी सबंध नोकरी अशीच काढली. हेही दोन वर्षं त्याच लाँचला होते. इस्त्रीचा शर्ट आणि डबा म्हटल्यावर विचारायला काही उरलं नाही.

अलिबागला विहीणबाईंना घेतलं. रेवसच्या रस्त्यावर चोंढी आली. तेव्हा त्यांनी एकदम सांगितलं. विसरण्याचा आजार आहे. दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हटलं होतं. चावी लपवली की ते दिवसभर कपाटं उपसतात, म्हणून पुन्हा दिली.

“मृणालला माहीत नाही?”

“नाही. तिला कळलं तर ती राहीला पाठवायची नाही. राही असली की ते बरे असतात हो. माझं नाव चुकतात. तिचं एकदाही नाही.”

मी रस्ता बघत होते. तेवढं तरी काम मला होतं.

रेवसला लाँच बंद, धक्क्यावर चिटपाखरू नाही. नवी गाडी धक्क्याच्या तोंडाशी तिरपी उभी, दार सताड उघडं, पाऊस नसताना वायपर चाललेले. देवव्रतराव बंद तिकीट खिडकीवर टकटक करत होते. “अहो, माझा पास आहे.” राही पुढच्या सीटवर गुडघ्यांवर बसून बिस्किटं खात होती. समोर दहा पावलांवर पाणी. मोठमोठ्या लाटा.

“आजी, आम्ही लाँचनं ऑफिसला चाललोय.”

तिला उचलून मी माझ्या गाडीत मागे बसवलं, पट्टा लावला. बकल बसल्याचा आवाज ऐकला, तरी ओढून बघितला. पुन्हा ओढून बघितला. “आजी, टोचतंय,” म्हणाली तेव्हा थांबले.

विहीणबाई नवऱ्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “आज सुट्टी आहे. साहेबांचा निरोप आलाय.” तेव्हा ते निमूट आले. नवी गाडी तिथेच कुलूप लावून ठेवली, नंतर हितेशनं आणून दिली. चावी माझ्याकडे.

तिघांना अलिबागला सोडेपर्यंत कुमुदताई एवढंच बोलल्या, “मृणालला सांगू नका. पाया पडते तुमच्या.”

२० मे

काल लिहायचं राहिलं ते आज लिहिते. रेवसहून येताना सगळ्या रस्त्याभर माझ्या मनात एकच चाललं होतं, आता राही माझी. एक फोन केला की झालं. मृणाल पुन्हा तिकडे पाठवणार नाही. मला हवं होतं तेच देवानं ताटात वाढलं.

सकाळी फोन हातात घेतला. काय बोलायचं ते आधी मनात म्हणून बघितलं. “मृणाल, बाळा, तुला सांगणार नव्हते, पण…” माझाच आवाज मला ओळखू आला. आनंदाचा होता. फोन ठेवला.

पण न सांगून कसं चालेल? धक्क्यावरचं पाणी डोळ्यांपुढून जात नाही. हितेशला सांगून कितीही बोल्ट बसवून घ्या, चालवणाराच ऑफिसला निघाला असेल तर कुठला पट्टा पुरणार?

दुपारी अलिबागला गेले. जिन्यात उभं राहून म्हटलं, “विहीणबाई, तुम्ही सांगा. तुमची लेक आहे. संध्याकाळपर्यंत तुम्ही नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल, आणि मी ते नीट सांगणार नाही.”

“नीट म्हणजे?”

“मला तुमच्यावर राग आहे. खूप दिवसांचा.”

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “चहा घेणार?”

घेतला.

२२ मे

कुमुदताईंनी सांगितलं. मृणाल आणि सुजित काल आले होते, मायलेकी फार रडल्या म्हणे. मला मृणालचा फोन आला. “आई, राहीला तुमच्याकडे ठेवू? शाळा सुरू होईपर्यंत?” इतक्या हळू आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी हो म्हटलं. किती तरी दिवस हाच शब्द म्हणायची वाट बघत होते आणि म्हटल्यावर तोंडात नुसतं बेचव पाणी.

आज राहीला आणायला गेले. विहीणबाईंनी तिची बॅग भरून ठेवली होती. काय खाते, काय खात नाही, झोपताना कुठल्या कुशीवर लागते, सगळं सांगत होत्या. त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. आत देवव्रतराव खोलीखोलीत हाका मारत फिरत होते. “राही? राही कुठे गेली?” ती माझ्या गाडीत पट्टा लावून बसलेली, खाली.

मी खाली आले, गाडी सुरू केली, फाटकापर्यंत नेली. बंद केली. परत चार मजले. लिफ्टमध्ये बसायचं सुचलंच नाही.

धापा टाकत म्हटलं, “विहीणबाई, तुमचेही कपडे भरा. दोघांचे.”

“अहो, पण…”

“वादळ येतंय. माझ्याकडे सामान आहे. बॅटऱ्या आहेत. पिंप भरलेत.”

मनापासून म्हटलं नाही. पण म्हटलं. आता ते परत घेता येत नाही.

२४ मे

वीज गेली, कौलं उडाली नाहीत, एक सुपारी आडवी झाली. टॉर्च हात लांबवताच मिळाला. देवव्रतरावांना अंधार सोसत नाही, म्हणून एक बॅटरी त्यांच्याजवळ दिली. ट्रान्झिस्टर लावला तर खूश. भिंतीवरचा आपला पेन्सिलीतला नंबर कुमुदताईंनी वाचला असणार. माझ्या चुलीवर माझ्याआधी उठून चहा टाकला, साखर कमी. मला ते खटकलं. राही त्यांच्याच कुशीत झोपते, तेही खटकलं. जागा बदलून माणसं बदलत नाहीत, मी तर मुळीच नाही.

२६ मे, सोमवार

पाऊस थांबलाय. देवव्रतरावांनी सकाळी चावी मागितली. कुमुदताईंना नाही म्हणवत नाही, म्हणून मी म्हटलं, “माझ्याकडे आहे आणि मी देणार नाही.” ते माझ्यावर नाही, कुमुदताईंवर चिडले. “ही बाई कोण? हिला माझ्या घरात कोणी घेतलं?” आणि माझ्याशी मात्र अदबीनं, “सगुणाताई, तुम्ही तरी सांगा हिला.”

कुमुदताई उठून मागच्या पडवीत गेल्या. बिरड्यासाठी भिजवलेल्या वालांना मोड आले होते, ते सोलत बसल्या. रडत नव्हत्या. नुसत्या सोलत होत्या.

मी खिडकीतून बघत होते. थोड्या वेळानं देवव्रतराव तिकडे गेले. मला वाटलं, आता पुन्हा. पण ते लांब उभे राहिले, परक्या बाईसमोर उभं राहावं तसे, आणि विचारलं, “आपल्याला मदत करू का? एकटीनं किती वेळ लागेल.”

कुमुदताईंनी पाट सरकवला. ताट मधोमध ठेवलं. ते बसले. एकेक वाल चिमटीत धरून साल काढायचे, नीट, एकही न मोडता. यांना कधी जमलं नाही ते. यांनी वाल हातात घेतला की त्याचं पीठच व्हायचं, मग मी ओरडायचे, मग हे मुद्दाम आणखी दोन मोडायचे.

मला हेवा वाटला. त्या घटकेलाही वाटला. तिचा माणूस तिला ओळखत नव्हता आणि तिच्यासमोर बसला होता.

राही उठून डोळे चोळत आली आणि आजोबा दिसताच पडवीकडे धावत सुटली. तिला मी दारातच कमरेला धरलं, उचललं आणि पुढच्या अंगणात नेलं.

“मला तिकडे जायचंय. आजी, सोड ना.”

“जाशील,” मी म्हटलं. “त्या दोघांचं ताट संपू दे.”